पुण्याच्या गच्चीवरून ध्रुवीय प्रकाश का दिसत नाही

११ मे २०२४, शनिवार. आदल्या दिवशी अक्षय्य तृतीया झालेली, फ्रिजमध्ये आमरस उरलेला. सकाळी फोन उघडला तर म्युनिकजवळ राहणाऱ्या भाचीने रात्रीतून सतरा फोटो पाठवले होते. गुलाबी आकाश, मधेच हिरवा पट्टा आणि तळाशी शेजाऱ्यांची उतरती छपरं. सोबत एक ओळ: "मावशी, तू शाळेत शिकवायचीस ते काल बाल्कनीतून बघितलं. पुण्यात दिसलं का?"

पुण्यात काही दिसलं नव्हतं. दुपारपर्यंत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लडाखमधल्या हानलेचं लालसर आकाश फिरायला लागलं. एकाने "एआय आहे" म्हणून निकाल देऊन टाकला. दुसऱ्याला प्रलयाची चाहूल लागली. तिसऱ्याने विचारलं, "हानले भारतातच आहे ना? मग आपल्या गच्चीने काय घोडं मारलंय?"

फोटो खरा होता. हानलेच्या भारतीय खगोलीय वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी तो टिपला होता. आणि तिसऱ्याचा प्रश्न मला त्या दिवसातला सगळ्यात शहाणा प्रश्न वाटला, कारण त्याचं उत्तर द्यायचं तर ध्रुवीय प्रकाश, म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशातला हा रंगीत उजेड, कसा पडतो ते मुळापासून सांगावं लागतं. मी स्वतः कितीतरी वर्षं वर्गात ते चुकीचं सांगत आले आहे.

मी सांगायचे ते असं: सूर्याकडून विद्युतभारित कण येतात, पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे ओढतं, तिथे ते हवेवर आपटतात आणि उजेड पडतो. चार वाक्यं, फळ्यावर एक आकृती, तास संपला. मुलं वहीत उतरवून घ्यायची. एकाही मुलाने कधी विचारलं नाही की बाई, कण सूर्याकडून येतात तर प्रकाश सगळ्यात झगझगीत मध्यरात्रीच्या बाजूला का असतो? तिकडे तर सूर्याकडे पाठ असते. आणि कण ध्रुवांवर ओढले जात असतील तर ऐन ध्रुवावर जास्त उजेड हवा. प्रत्यक्षात तो चुंबकीय ध्रुवाभोवती दोन-अडीच हजार किलोमीटर अंतरावर एखाद्या कड्यासारखा पसरलेला असतो. म्हणून तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोला सहली जातात, ध्रुवावर नाही. (आपल्याकडच्या जाहिराती ‘उत्तर ध्रुवाचा प्रकाश’ म्हणतात, पण माणसांना नेतात त्या कड्याखाली. पुरणपोळीसकट.)

माझ्या सांगण्यातली तिसरी फट सगळ्यात मोठी. सौरवाऱ्यातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा साधारण दहा व्होल्टचा धक्का बसल्यावर मिळेल एवढी असते. ध्रुवीय प्रकाश पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मात्र हजार ते दहा हजार व्होल्टच्या धक्क्याएवढी. घरातला जुना डबा टीव्ही आठवा. त्याच्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनला हजारो व्होल्टचा धक्का देऊन काचेवर आपटायचे, तेव्हा चित्र दिसायचं. सेलवर तो टीव्ही चालला नसता. म्हणजे सूर्याकडून येणारे कण जसेच्या तसे हवेवर आदळून हा प्रकाश पडत नाही. मधे कुणीतरी त्यांना शेकडो पट जोर देतं.

तो जोर कुठून येतो, ही खरी गोष्ट. ती सूर्यापासून सुरू करू.

सूर्याच्या भोवतालचा सगळ्यात बाहेरचा थर, म्हणजे खग्रास ग्रहणात दिसतो तो प्रभामंडल, दहा-वीस लाख अंश तापलेला असतो. एवढ्या तापलेल्या वायूला सूर्याचं गुरुत्वाकर्षणही धरून ठेवू शकत नाही. तो सतत, सगळ्या दिशांना वाहत निघतो. हा सौरवारा. त्यात मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, वेग सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर. सूर्यापासून इथवरचं १५ कोटी किलोमीटर अंतर कापायला त्याला तीन-चार दिवस लागतात. उजेडाला सव्वाआठ मिनिटं पुरतात. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला का असते, या कोड्यातून असा काही वारा असावा अशी शंका आली होती. १९५८ साली युजीन पार्कर या तरुण शास्त्रज्ञाने त्याचं गणित मांडलं. लेख तपासणाऱ्यांना ते पटलं नाही. नियतकालिकाचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना फारशी रुचली नव्हती म्हणतात, पण गणितात चूक सापडेना, तेव्हा त्यांनी लेख छापला. चार वर्षांत मरिनर-२ यानाने तो वारा मोजून दाखवला.

‘वारा’ या शब्दाने फसू नका. पृथ्वीजवळ साखरेच्या क्यूबएवढ्या जागेत या वाऱ्याचे पाच-दहा कण असतात. तुमच्याआमच्या खोलीतल्या तेवढ्याच हवेत पंचविसावर अठरा शून्यं एवढे रेणू असतात. हाताला लागेल असं त्यात काही नाही. पण तो विद्युतभारित आहे, आणि येताना सूर्याचं थोडंसं चुंबकत्वही सोबत घेऊन येतो. पुढचं सगळं रामायण त्या ‘थोड्याशा’मुळे घडतं.

आता मुठेवर या. खडकवासल्यातून पाणी सोडलं की पुणेकर पुलावर जमतात. भिडे पूल पाण्याखाली गेला की नाही हे बघणं हा आपला पावसाळी कार्यक्रमच. त्या वेळी एखाद्या पुलाच्या खांबाकडे नीट बघा. पाणी खांबाला भिडायच्या आधीच फुगतं, दोन्ही बाजूंनी वळसा घालून जातं आणि खांबाच्या मागे भोवऱ्यांची लांब शेपटी तयार होते. सौरवाऱ्यात पृथ्वी अशीच उभी आहे. फरक एवढाच की खांब दगडाचा नाही, चुंबकीय क्षेत्राचा आहे. सूर्याकडच्या बाजूला हे चुंबकावरण ६०-६५ हजार किलोमीटरवर वाऱ्याला थोपवतं. मागच्या बाजूला, म्हणजे रात्रीच्या अंगाला, त्याची शेपटी चंद्राच्याही पार पलीकडे ताणलेली असते.

कण आत का शिरू शकत नाहीत? भारित कणाला चुंबकीय रेषा ओलांडून सरळ जाता येत नाही, तो तिच्याभोवती वेढे घालत राहतो. दोरीचा मल्लखांब पाहिला असेल. पोरगी दोरीला वेढे घालत सरसर वर जाते, खाली येते, पण दोरी सोडून हवेत चालत जाऊ शकत नाही. कणाचं तेच. रेषेच्या दिशेने मोकळीक, रेषेला आडवं जायला बंदी. पृथ्वीच्या समोर या रेषा वाऱ्याच्या वाटेत आडव्या आहेत, म्हणून बहुतेक वारा बाजूने निघून जातो. ध्रुवांच्या वर दोन फटी आहेत, त्यांतून थोडे कण थेट आत उतरतात, पण त्यांचा उजेड क्षीण आणि तोही दिवसाच्या बाजूला. माझी फळ्यावरची आकृती फार तर या फटींपुरती खरी होती.

खांबाची उपमा इथपर्यंतच चालते, कारण चुंबकीय खांबाची शिवण उसवू शकते. पृथ्वीच्या समोरच्या बाजूला चुंबकीय रेषा दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. वाऱ्यासोबत आलेल्या रेषाही उत्तरेकडे असतील तर फारसं काही होत नाही. पण त्या दक्षिणेकडे वळलेल्या असल्या की उलट दिशांच्या दोन रेषा समोरासमोर येतात, तुटतात आणि एकमेकींना जोडल्या जातात. आता त्या रेषेचं एक टोक पृथ्वीत आणि दुसरं वाऱ्यात. वारा तर थांबत नाही. तो ती रेषा ध्रुवावरून ओढत मागे, रात्रीच्या बाजूच्या शेपटीत नेतो. एकामागून एक अशा रेषा मागे जाऊन साठत राहतात. शेपटी ताणली जाते, बेचकीचं रबर ताणावं तशी.

आणि मग कधीतरी ते रबर सुटतं. शेपटीत मधोमध रेषा पुन्हा तुटून जोडल्या जातात, आणि पृथ्वीकडचा अर्धा भाग झपकन पृथ्वीकडे परततो. त्याच्यासोबत कणही पृथ्वीकडे फेकले जातात. हा स्फोट कुठे होतो यावर फार वर्षं वाद होता. २००८ साली नासाच्या थेमिस उपग्रहांनी तो चंद्राच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर पकडला. या धक्क्याने रेषांवर लाटा उठतात, दोरीला झटका दिल्यावर उठते तशी. हानेस आल्फव्हेन या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या नावाने त्या ओळखल्या जातात. खाली धावणाऱ्या या लाटांवर स्वार होऊन इलेक्ट्रॉन वेग घेतात, हे २०२१ साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत मोजून दाखवलं गेलं. जोर देण्याचा हा एकच मार्ग नाही, पण ऊर्जा कुठली याचं उत्तर मिळालं: ताणलेल्या शेपटीत साठलेली. वाऱ्याने ती हळूहळू भरली, शेपटीने एकदम सोडली.

मध्यरात्रीच्या बाजूला झगझगाट का आणि ध्रुवाऐवजी कडं का, तेही यातून सुटतं. शेपटी रात्रीच्याच बाजूला असते, आणि तिच्यातल्या त्या भागातून निघालेल्या रेषा जमिनीकडे येतात तेव्हा ध्रुवाभोवतीच्या त्या कड्यातच उतरतात. दक्षिणेतही तसंच, एकाच वेळी. पण तिथे खाली बहुतेक समुद्र आणि बर्फ, म्हणून त्याचे फोटो कमी.

उरला प्रश्न रंगांचा, आणि हा माझा आवडता भाग. लक्ष्मी रस्त्यावर दुकानांच्या निऑन पाट्या असायच्या. नळीत निऑन भरला की लाल-नारिंगी उजेड, दुसरा वायू भरला की दुसरा रंग. रस्त्यावरचे जुने सोडियमचे दिवे पिवळेच का असायचे? सोडियमचा अणू डिवचला की तो पिवळाच उजेड टाकतो म्हणून. आकाशात नळीचं काम वातावरण करतं. साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू हिरवा प्रकाश देतात. २०० किलोमीटरच्या वर तेच अणू लाल प्रकाश देतात. नायट्रोजन निळा-जांभळा, आणि प्रकाशाचा पडदा फार खाली उतरला तर त्याच्या काठाला गुलाबी किनार.

तोच ऑक्सिजन, मग दोन रंग का? डिवचलेल्या अणूला हिरवा प्रकाश टाकायला पाऊण सेकंद पुरतो. लाल टाकायला मात्र तो सरासरी ११० सेकंद घेतो. अणूच्या जगात हे म्हणजे युगच. खाली हवा दाट असते, तिथे जवळपास दोन मिनिटं कुणाचा धक्का न लागता राहणं अशक्य. सकाळच्या लोकलमध्ये शांतपणे पेपर उघडून बसण्यासारखं ते. धक्का लागला की ऊर्जा धडकेत जाते, प्रकाश पडतच नाही. २०० किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ की अणूला ती निवांत दोन मिनिटं मिळतात. लाल रंग हा उंचीवरच्या एकांताचा रंग आहे.

म्हणून दूरवरून दिसतो तो लालच. पृथ्वी गोल आहे. ४०० किलोमीटर उंचीवरचा उजेड सव्वादोन हजार किलोमीटरवरून क्षितिजाला टेकलेला दिसू शकतो, शंभर किलोमीटरवरचा हिरवा तेवढ्यावरून क्षितिजाखाली गेलेला असतो. हानलेच्या लालीला शास्त्रज्ञांनी आणखी नेमकं नाव दिलं, ‘स्थिर लाल कमान’. चुंबकीय वादळात, म्हणजे सौरवाऱ्याच्या माऱ्याने पृथ्वीचं चुंबकत्व खवळतं तेव्हा, पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या वर हजारो किलोमीटर उंचीवर, भारित कणांचं एक प्रचंड कडं फिरायला लागतं. त्यातून झिरपणाऱ्या उष्णतेने ही कमान पेटते. ध्रुवीय प्रकाशाचा सख्खा भाऊ नव्हे, चुलत म्हणा. हे फिरणारं कडं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि एक सांगते, अंधारात आपले डोळे लाल रंगाला जवळजवळ आंधळे असतात. कॅमेरा काही सेकंद उघडा ठेवला की त्याला तो दिसतो. त्या रात्री हानलेत नुसत्या डोळ्यांनी आकाश फोटोइतकं लाल दिसलं नसणार.

आता गच्चीचा प्रश्न. हानलेचा अक्षांश साधारण ३३ अंश, पुण्याचा साडेअठरा. पण इथे महत्त्वाचा आहे तो चुंबकीय अक्षांश. चुंबकीय विषुववृत्त भारतात तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळून जातं, म्हणजे आपण त्याच्यापासून फक्त दहाएक अंश वर. पुण्यात चुंबकसूची मोकळी टांगली तर ती थोडीशीच खाली झुकते. ट्रोम्सोत जवळजवळ उभी राहते. पुण्याच्या जमिनीतून निघालेली रेषा जेमतेम दोन-तीनशे किलोमीटर उंची गाठते आणि पलीकडे दक्षिणेत उतरते. ट्रोम्सोची रेषा अवकाशात पृथ्वीच्या पाच-सहा त्रिज्या दूर जाऊन, शेपटीच्या तोंडाशी पोचून परतते. दोरीच्या मल्लखांबाचीच भाषा वापरायची तर ट्रोम्सोची दोरी वर शेपटीला बांधलेली आहे, आपली दोरी अंगणातल्या अंगणात आहे. तिच्यावरून खाली घसरत यायला वर कुणी नाही. सिंहगडावर जाऊन काळोख मिळेल, पण रेषा बदलणार नाही.

अगदीच अशक्य आहे का? नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या महावादळात मुंबईहूनही हा प्रकाश दिसल्याच्या नोंदी आहेत. असं शतकात एखाद्या वेळी.

पण प्रकाश दिसत नाही म्हणून आपल्याला काही कळत नाही असं मुळीच नाही. विषुववृत्तावर फिरणारं ते कणांचं कडं आठवा. ते म्हणजे एक विजेचा प्रवाह आहे, आणि प्रवाह म्हटलं की चुंबकत्व आलं. त्याचं चुंबकत्व पृथ्वीच्या आडव्या चुंबकत्वाच्या उलट असतं. म्हणून वादळ आलं की आपल्यासारख्या कमी अक्षांशाच्या प्रदेशात आडवं चुंबकत्व घसरतं, आणि ते किती घसरलं यावरून वादळाची तीव्रता ठरवतात. उत्तरेकडे झगमगाटाच्या खाली सुया इतक्या सैरभैर होतात की कडं किती मोठं ते त्यातून निवडून काढणं कठीण. आपली सुई निवांतपणे, सरळ घसरते.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलनिरीक्षकाला सूर्यावरच्या डागांपाशी डोळे दिपवणारा झोत दिसला. साडेसतरा तासांत वादळ पृथ्वीवर थडकलं. अमेरिकेत तारायंत्रं बॅटरी काढून ठेवल्यावरही चालत राहिली. आणि मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत, माणसं सुईचे आकडे डोळ्यांनी वाचून वहीत लिहीत होती. आकडा १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकत्व मोजायचं एकक) कोसळला. इथलं एरवीचं आडवं चुंबकत्व ३८ हजारांच्या आसपास. त्या वहीकडे जगाचं लक्ष जायला जवळपास दीडशे वर्षं लागली. मे २०२४ च्या वादळात जगभरच्या सरासरीचा आकडा चारशेच्या थोडा वर गेला. एका ठिकाणचा क्षणिक आकडा आणि ही सरासरी यांची थेट तुलना करता येत नाही, तरी १८५९ चं प्रकरण किती दांडगं होतं याचा अंदाज येतो.

कुलाब्याची ही वेधशाळा मराठी माणसाला परकी नाही. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर तिच्या कामाशी जोडलेले होते. केरूनाना छत्रे तरुणपणी तिथे नोकरीला लागले, पुढे पुण्यात प्राध्यापक झाले, आणि टिळक त्यांचे विद्यार्थी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर सुया बिघडतील म्हणून चुंबकीय कामकाज १९०४ साली अलिबागला हलवलं. तिथली इमारत चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाची. नोंदी अजून चालू आहेत. समुद्रावर भेळ खाताना त्या आवाराकडे फार कुणी बघत नाही.

मे २०२४ मध्ये झालं काय, तर सूर्यावर पृथ्वीच्या पंधरापट रुंदीचा डागांचा पुंजका होता आणि त्याने भारित कणांचे एकामागून एक ढग इकडे भिरकावले. मागचे पुढच्यांना गाठत आले. २००३ नंतरचं ते सगळ्यात मोठं वादळ. अशा वेळी आगाऊ सूचना मिळते का? खडकवासल्याच्या विसर्गाचा मेसेज येतो तशी थोडी मिळते. सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर एक ठिकाण आहे, तिथे जानेवारी २०२४ पासून आपलं आदित्य-एल१ हे सूर्याचा अभ्यास करणारं यान आहे. वाऱ्याचे कण आणि चुंबकत्व मोजणारी यंत्रं त्याच्यावर आहेत. सूर्याचे अतिनील फोटो काढणारी ‘सूट’ ही दुर्बीण तर पुण्यात गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडली.

ढग निघाला हे दोन-तीन दिवस आधी कळतं. पण त्यातलं चुंबकत्व उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे तो त्या १५ लाख किलोमीटरच्या ठाण्यावर पोचेपर्यंत खात्रीने सांगता येत नाही. तिथून इथवर नेहमीच्या वेगाने तास, जोरात असेल तर अर्धा तास. म्हणून या अंदाजांची गत आपल्या वळवाच्या पावसासारखी होते. आभाळ भरून येतं, पडेलच असं नाही.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. उत्तर-दक्षिण दाखवणाऱ्या आकड्याला ‘बीझेड’ म्हणतात, तो उणे असला तर दक्षिणेकडे, उणे दहाच्या खाली गेला आणि तासभर तिथे राहिला तरच बाहेर पड, उगाच थंडीत कुडकुडू नको, असंही. ऑक्टोबरात, ऐन नवरात्रात, दहा तारखेला रात्री तिचा मेसेज आला. या वेळी फोटो नव्हता.

"मावशी, उणे वीस. पाऊण तास झाला. बूट घालू?"